अजायी: योरुबा भाषेला अक्षरं देणारा माणूस



आपल्या पाठ्यपुस्तकांत आफ्रिका येते ती बहुतेक नकाशात. नाईल नदी, सहारा वाळवंट, नायजेरियाचं खनिज तेल. गुलामांचा व्यापार हा इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरता. त्या व्यापारात विकल्या गेलेल्या माणसांना नाव होतं, भाषा होती, घरात देव होते, हे मुलांच्या लक्षात यायला एखादं चरित्रच सांगावं लागतं. म्हणून आज एका मुलाची गोष्ट. त्याचं नाव अजायी. जगाला तो बिशप सॅम्युअल क्राउथर म्हणून माहीत आहे. मातृभाषा दिनाच्या निमित्ताने मोठ्या वर्गांत सांगायला चरित्र चांगलं आहे, पण मला ते खरं तर आपण मोठ्यांनी वाचावं असं वाटतं. कारण त्यात एक प्रश्न आहे, आणि तो योरुबा लोकांना आजही सुटलेला नाही.

आधी योरुबा म्हणजे कोण ते बघू. नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग आणि शेजारच्या बेनिन देशाचा काही भाग हा त्यांचा मुलूख. लागोस, इबादान, इले-इफे, अबेओकुटा ही त्यांची शहरं. लोकसंख्या चार कोटींच्या वर. आज त्यांच्यात मुसलमानही भरपूर आहेत आणि ख्रिस्तीही भरपूर. कित्येकदा एकाच कुटुंबात दोन्ही असतात, आणि जुन्या ओरिशा देवतांना मानणारेही आहेत.

ओशोगुन गावचा मुलगा

अजायीचा जन्म 1809 च्या सुमारास ओशोगुन नावाच्या गावात झाला. हे गाव आजच्या ओयो राज्यात येतं. घराणं विणकरांचं. आई अफाला ही ओबातला या देवतेची भक्त. ओबातला म्हणजे गर्भात माणसाचा देह घडवणारा देव. त्याला पांढरा रंग प्रिय.

आता नावाची गंमत बघा. योरुबांमध्ये काही नावं आईबाप ठेवत नाहीत, मूल ती सोबत घेऊनच जन्माला येतं असं मानतात. जन्माच्या वेळी मूल पालथं, म्हणजे तोंड जमिनीकडे करून बाहेर आलं, तर त्याचं नाव अजायी. जुळ्यांपैकी आधी येणारा तायवो, मागून येणारा केहिंदे. आणि मोठा मानतात तो केहिंदेला! तायवोला त्याने जग कसं आहे ते चाखून बघायला पुढे पाठवलं, असं म्हणतात. जुळ्यांनंतरचं मूल इदोवू. आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेला नातू बाबातुंदे, म्हणजे बाबा परत आले. नुसत्या हजेरीपटावरून अर्ध्या घराचा इतिहास कळावा अशी ही पद्धत.

चरित्रकार एक आख्यायिका सांगतात. मुलाचं भविष्य बघायला वडील इफा सांगणाऱ्या बाबालावोकडे गेले. त्याने म्हणे सांगितलं, की या मुलाला कुठल्याही ओरिशाला वाहू नका, हा थेट ओलोरुनचा, म्हणजे आकाशाच्या मालकाचा भक्त होणार आहे. मोठ्या माणसांच्या बालपणाबद्दल अशा गोष्टी मागाहून जुळवल्या जातात, तेव्हा ती किती खरी मानायची ते आपण ठरवावं. पण पुढे जे घडलं ते बघता ही आख्यायिका योरुबा लोकांनी जपावी यात नवल नाही.

तेव्हा ओयोचं मोठं साम्राज्य आतून मोडत होतं. सरदारांची आपसात युद्धं, उत्तरेकडून फुलानी घोडेस्वारांचे हल्ले, आणि किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला उभी असलेली युरोपियन जहाजं. युद्धात पकडलेला माणूस म्हणजे रोख पैसा. 1821 च्या सुरुवातीला एका सकाळी ओशोगुनवर हल्ला झाला. घरं पेटवली, पळणाऱ्यांच्या गळ्यात फास टाकले आणि बायका-मुलांना एका दोराला बांधून नेलं. अजायी, त्याची आई आणि बहिणी त्यात होत्या. इसेयिन गावी पोचल्यावर लूट वाटली गेली. आई एकाच्या वाट्याला गेली, अजायी दुसऱ्याच्या. त्याच्या बदल्यात एक घोडा घेतला गेला. तो घोडा पसंत पडला नाही म्हणून सौदा मोडला! पुढे तो हातोहात विकला जात राहिला, कधी दारूच्या बदल्यात, कधी तंबाखूच्या. आपल्याला समुद्रापार विकणार या भीतीने जीव द्यावा असंही त्याच्या मनात येत असे. हे सगळं त्याने पुढे 1837 मध्ये एका लांब पत्रात स्वतः लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता तो.

शेवटी लागोसला पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला घेतलं आणि 1822 च्या एप्रिलमध्ये ‘एस्पेरान्सा फेलिक्स’ या जहाजावर चढवलं. पावणेदोनशेच्या वर माणसं त्या जहाजात कोंबलेली. अशी जहाजं बहुतेक ब्राझीलकडे जात. तिथे पोचलेल्या योरुबांनी आपले ओरिशा कँडोम्ब्ले पंथाच्या रूपाने जिवंत ठेवले, ते आजतागायत आहेत. अजायीचं तेच झालं असतं. पण ब्रिटनने 1807 मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, आणि त्यांच्या युद्धनौका किनाऱ्यावर गस्त घालत. 7 एप्रिल 1822 ला ते जहाज पकडलं गेलं.

इथली एक गोष्ट मुलांना हमखास आवडते. सुटका झालेली पोरं ‘मर्मिडन’ या युद्धनौकेवर आणली गेली. तिथे वाळत टांगलेलं मांस आणि शेजारी रचलेले तोफगोळे पाहून त्यांची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं, ही आपल्याच सोबत्यांची शरीरं आणि हे त्यांचे मुंडके! जवळ जाऊन बघितल्यावर कळलं की मांस डुकराचं आहे आणि गोळे लोखंडाचे. सोडवणारा आणि पकडणारा यांतला फरक त्या मुलांना कुठून कळावा? दोघांचेही चेहरे गोरेच.

अकू ते योरुबा

सुटलेल्या लोकांना ब्रिटिश त्यांच्या गावी सोडत नसत, कारण पुन्हा पकडले जाण्याचा धोका. त्यांना सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनच्या आसपास वसवत. चर्च मिशनरी सोसायटी ही संस्था तिथे शाळा चालवत होती. (याच संस्थेने पुढे आपल्या नाशिकजवळ शरणपूरला पूर्व आफ्रिकेतून सोडवलेल्या मुलांना शिकवलं. लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांतला जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. आणि 1870 च्या दशकात नाशिकहून गेलेल्या अशाच लोकांनी मोंबासाजवळचं फ्रीरटाउन वसवलं. नाशिकच्या शिक्षकांनी यावर जरूर काहीतरी लिहावं.)

अजायी वाचायला झपाट्याने शिकला. सुतारकामही शिकला. 1825 च्या डिसेंबरमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि लंडनच्या एका पाद्र्याच्या नावावरून त्याला सॅम्युअल क्राउथर हे नाव मिळालं. 1827 मध्ये फोरा बे कॉलेज निघालं, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. असानो नावाच्या, त्याच्यासारख्याच गुलामीतून सुटलेल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. ती आता सुझन झाली होती. इथून पुढे मी त्यांना क्राउथर म्हणतो, आणि मास्तर झालेल्या माणसाला अरे-तुरे करणं बरं नाही, म्हणून आदरार्थी लिहितो.

सिएरा लिओनमधली एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण योरुबा अस्मितेचं मूळ तिथे आहे. आपल्या मुलखात असताना हे लोक स्वतःला योरुबा म्हणतच नव्हते. ते ओयो होते, एग्बा होते, इजेबू, इजेशा, एकिती होते, आणि एकमेकांशी लढत होते. ‘योरुबा’ हा शब्द उत्तरेकडच्या हौसा लोकांचा, तोही मुख्यतः ओयोच्या लोकांपुरता. फ्रीटाऊनच्या वस्तीत हे सगळे एकत्र आले तेव्हा त्यांना कळलं, की आपली बोली थोडी वेगळी असली तरी भाषा एक आहे. इतर लोक त्यांना ‘अकू’ म्हणत. का? तर त्यांच्या नमस्कारावरून.

या नमस्काराबद्दल थोडं विषयांतर करतो. योरुबात ‘ए कू’ म्हटलं आणि पुढे प्रसंग जोडला की नमस्कार तयार. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. काम करणाऱ्याला कामाचा, प्रवासाहून आलेल्याला वाटचालीचा, बसलेल्याला बसण्याचासुद्धा. समोरचा माणूस या क्षणी काय करतोय हे बघितल्याशिवाय त्याला नमस्कार करताच येत नाही. वडीलधाऱ्यांसमोर मुलगे दंडवत घालतात, मुली गुडघे टेकतात. सगळं हिरावून घेतलेल्या लोकांनी परमुलखात जे एकमेकांना दिलं ते हे, आणि त्यावरूनच त्यांचं नाव पडलं.

क्राउथर यांनी 1843 मध्ये लंडनला शब्दसंग्रह छापला तेव्हा सगळ्यांच्या भाषेला ‘योरुबा’ हे एकच नाव दिलं. मिशनरींच्या पुस्तकांतून आणि शाळांतून ते पसरलं. म्हणजे आज ज्याला प्राचीन योरुबा ओळख म्हणतात, ती एका नावाखाली आली गेल्या पावणेदोनशे वर्षांत, आणि ते काम केलं घर तुटलेल्या लोकांनी. याने ती ओळख खोटी ठरत नाही. घरापासून तुटलेल्यांनाच घराचं एकपण आधी दिसलं, इतकंच.

आईची भेट

1841 मध्ये ब्रिटिशांनी नायजर नदीतून वर एक मोहीम नेली. क्राउथर तिच्यात होते. मोहीम फसली. बहुतेक सगळे युरोपियन तापाने आजारी पडले, चाळीसेक मेले. पण क्राउथर यांचं काम पाहून संस्थेने त्यांना इंग्लंडला बोलावलं आणि 1843 मध्ये पाद्री केलं. परतल्यावर 1844 मध्ये फ्रीटाऊनला त्यांनी योरुबा भाषेत उपासना घेतली. आपल्याच भाषेत प्रार्थना ऐकायला लोकांची गर्दी झाली होती.

मग परतीचा रस्ता. अबेओकुटा हे एग्बा लोकांनी 1830 च्या सुमारास मोठ्या खडकाच्या आश्रयाने वसवलेलं शहर. नावाचा अर्थच खडकाखाली. सिएरा लिओनमधून शेकडो सुटलेले लोक तिकडे परतत होते, आपापले नातेवाईक शोधत. क्राउथर 1845 मध्ये किनाऱ्यावरच्या बादाग्रीला उतरले. युद्धामुळे आणि अबेओकुटाच्या प्रमुखाच्या मृत्यूमुळे दीड वर्ष तिथेच अडकले, आणि 1846 च्या उन्हाळ्यात अबेओकुटाला पोचले.

तीन आठवडे झाले नसतील, तोच 21 ऑगस्टला त्यांची आई समोर उभी राहिली. पंचवीस वर्षांनी. जवळच्याच गावात ती राहत होती. मुलगा आलाय हे तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसला नाही. दोघांनी हात धरले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. आई थरथरत होती. मग तिने त्यांना लहानपणीच्या लाडाच्या नावांनी हाका मारायला सुरुवात केली. ही नावं त्यांना कोणी पाव शतकात हाक मारली नव्हती. मधल्या काळात तीही पुन्हा पुन्हा विकली गेली होती. बहिणींचाही पत्ता लागला.

आई आता मुलाकडे राहिली, आणि इथे गोष्ट सोपी राहत नाही. ती ओबातलाची भक्त, मुलगा ख्रिस्ती पाद्री. 1848 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. तिचं नाव ठेवलं हॅना. बायबलमधल्या सॅम्युअलच्या आईचं नाव हॅना, म्हणून. नाव मोठ्या प्रेमाने निवडलं होतं यात शंका नाही. पण अफाला या नावाचं काय, असं मला वाचताना वाटून गेलंच. ती खूप म्हातारी होऊन 1883 मध्ये वारली.

शब्द कुठून आणायचे?

क्राउथर यांचं खरं मोठं काम सुरू झालं ते इथे. बायबल योरुबात आणायचं, म्हणजे आधी भाषा लिहायची कशी ते ठरवायचं. 1852 मध्ये त्यांनी वाढवलेला शब्दसंग्रह आणि व्याकरण छापलं. शब्दांचा अर्थ उलगडण्यासाठी त्यांनी म्हणींचा मोठा साठा दिला. यासाठी ते म्हाताऱ्यांजवळ बसत, बाजारात ऐकत, ओरिशांच्या भक्तांशी बोलत. ज्या धर्मातून लोकांना बाहेर काढायचं होतं, त्याच धर्माच्या जाणकारांकडून शुद्ध भाषा शिकायची होती! 1862 मध्ये त्यांचं घर जळालं आणि वर्षानुवर्षं जमवलेले शब्द, म्हणी, भाषांतराची बाडं राख झाली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

योरुबा ही सुरांची भाषा. मध्यम, वरचा आणि खालचा असे तीन सूर. ‘ओको’ हा एकच शब्द घ्या. दोन्ही अक्षरं मध्यम सुरात म्हटली तर नवरा. दुसरं अक्षर वर नेलं तर कुदळ. खाली आणलं तर होडी, आणि आता मोटारसुद्धा. रोमन अक्षरांत हे लिहायचं कसं? काही अक्षरांखाली ठिपके आणि वर तिरप्या रेघा, असा मार्ग निघाला. 1875 मध्ये लागोसला लिपीचे नियम ठरवायला सभा भरली, तिचे अध्यक्ष क्राउथरच होते. आजची योरुबा लिपी बरीचशी तिथून आली आहे. संपूर्ण बायबल 1884 पर्यंत झालं. दरम्यान 1859 मध्ये अबेओकुटाहून ‘इवे इरोहिन’ हे योरुबा वर्तमानपत्रही निघालं होतं.

आता शब्दांची निवड. ईश्वराला त्यांनी योरुबांचाच ‘ओलोरुन’ घेतला, बाहेरचा शब्द आणला नाही. प्रार्थनेला ‘आदुरा’, धर्मोपदेशकाला ‘अलुफा’, प्रवचनाला ‘इवासू’, संदेष्ट्याला ‘वोली’. गंमत म्हणजे हे शब्द योरुबात मुसलमानांकडून आलेले आहेत. लोकांच्या तोंडी रुळलेले होते, म्हणून एका ख्रिस्ती पाद्र्याने ते बिनदिक्कत घेतले. आजही योरुबा ख्रिस्ती आणि योरुबा मुसलमान प्रार्थनेला एकच शब्द वापरतात. एकमेकांच्या सणाला जाणं तिथे फारसं जड जात नाही, त्यात या शब्दांचाही वाटा असावा असं मला वाटतं.

पण सैतानाला काय म्हणायचं? इथे ‘एशू’ हे नाव घेतलं गेलं. आणि हा एक शब्द आजपर्यंत सलतो आहे.

एशू हा योरुबांचा एक ओरिशा. चौरस्त्यांचा, बाजाराचा रखवालदार. माणसांनी दिलेला नैवेद्य वर पोचवणारा दूत. तो खोड्याळ आहे, माणसांत गैरसमज लावून देतो, मान दिला नाही तर काम बिघडवतो. पण तो पापाचा राजा नाही, ईश्वराचा शत्रू तर मुळीच नाही. इफाच्या पाटावर त्याचाच चेहरा कोरलेला असतो, कारण त्याच्याशिवाय निरोप जात नाही. योरुबा विचारात निव्वळ दुष्टाव्याची अशी एक देवता नव्हतीच. एशूमधला उपद्रव तेवढा भाषांतरात उतरला, बाकीचं गळून पडलं. एकदा बायबलात छापून आल्यावर प्रत्येक रविवारी, प्रत्येक शाळेत ते पक्कं होत गेलं. कित्येक घराण्यांची आडनावं एशूवरून सुरू होत होती. त्यांतल्या काहींनी ती बदलली, एशूच्या जागी जेजू म्हणजे येशू किंवा ओलू म्हणजे प्रभू असा शब्द घातला.

याचा सगळा दोष क्राउथर यांच्या माथी मारावा का? मला तसं वाटत नाही. भाषांतराचं काम एकट्याचं नव्हतं आणि प्रत्येक भाषांतरकाराला अशी निवड करावीच लागते. शिवाय रूढींबद्दल ते त्या काळच्या गोऱ्या मिशनऱ्यांपेक्षा बरेच समंजस होते. 1869 मध्ये आपल्या हाताखालच्या पाद्र्यांना त्यांनी समजावलं होतं, की ख्रिस्ती धर्म लोकांचं लोकपण पुसायला आलेला नाही. गावातली एकमेकांना मदत करणारी मंडळं मोडू नका, खेळ, गाणी, गोष्टी, म्हणी यांना तुच्छ मानू नका, जे क्रूर किंवा अंधश्रद्धेचं असेल तेवढं सुधारा. गुलामगिरी आणि नरबळी यांच्या ते ठाम विरोधात होते, आणि एकाहून जास्त बायका करण्याच्याही. मुसलमान राजांच्या दरबारात ते वाद घालत, पण आदराने. चाळणी लावायची हे त्यांना मान्य होतं. चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, यावर मात्र योरुबा लोक आजही भांडतात.

बिशप

29 जून 1864 रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये क्राउथर बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले आफ्रिकन बिशप. पण अबेओकुटातल्या गोऱ्या मिशनऱ्यांना काळ्या बिशपच्या हाताखाली काम करायचं नव्हतं. म्हणून त्यांना दिला गेला नायजर नदीचा प्रदेश, म्हणजे परक्या भाषांचा मुलूख. योरुबांचा बिशप योरुबांवर नाही! त्यांनी तेही निभावलं. इग्बो आणि नुपे भाषांवरही काम केलं, आफ्रिकन सहकाऱ्यांच्या बळावर केंद्रं उभी केली.

ज्यांच्या पाठिंब्यावर हे चाललं होतं ते संस्थेचे सचिव हेन्री व्हेन 1873 मध्ये वारले. पुढच्या पिढीचे तरुण इंग्रज मिशनरी आले ते वेगळ्याच वाऱ्याचे. आफ्रिकेची वाटणी सुरू झाली होती. 1890 मध्ये या तरुणांनी ऐंशी वर्षांच्या बिशपसमोर त्यांच्या सहकाऱ्यांवर गैरवर्तनाचे आरोप ठेवले आणि कित्येकांना कामावरून दूर केलं. काही ठिकाणी चुका झाल्याही असतील. पण वागणूक अपमानाची होती. क्राउथर यांनी समितीचा राजीनामा दिला. 31 डिसेंबर 1891 ला लागोसमध्ये ते वारले. त्यांच्या जागी इंग्रज बिशप नेमला गेला. जून 2014 मध्ये, त्या बिशपपदाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, कँटरबरीच्या आर्चबिशपनी त्याच कॅथेड्रलमध्ये चर्चच्या वतीने याबद्दल खेद व्यक्त केला.

नंतरचे लोक

त्या अपमानाचा लागोसच्या शिकलेल्या ख्रिस्ती लोकांवर खोल परिणाम झाला. इंग्रजी नाव, इंग्रजी कोट आणि इंग्रजी शिष्टाचार अंगीकारूनही आपल्याला बरोबरीचं मानत नाहीत, हे त्यांना दिसलं. 1891 मध्येच तिथे गोऱ्यांच्या हाताबाहेरचं एक आफ्रिकन चर्च निघालं. डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट नावाच्या पाद्र्याने 1894 मध्ये नाव बदलून मोजोला अग्बेबी केलं आणि तो योरुबा कपड्यांत वावरू लागला. सॅम्युअल जॉन्सन या आणखी एका पाद्र्याने म्हाताऱ्यांकडून ऐकून योरुबांचा मोठा इतिहास लिहिला. 1897 मध्ये पूर्ण झालेलं ते हस्तलिखित इंग्लंडमधल्या प्रकाशकाकडे गहाळ झालं. जॉन्सन वारल्यावर त्यांच्या भावाने टिपणांवरून ते पुन्हा लिहिलं आणि 1921 मध्ये छापून आणलं. क्राउथर यांच्या मुलीचा मुलगा हर्बर्ट मॅकॉले पुढे नायजेरियन राष्ट्रवादाचा जनक मानला गेला. हे सगळे मिशनच्या शाळांत शिकलेले. आपल्या रूढींकडे परत वळायला त्यांनी जी लिपी वापरली, ती मिशननेच घडवलेली.

आज चित्र संमिश्र आहे. लग्न बहुतेक दोनदा लागतं. एकदा योरुबा पद्धतीने, ज्यात नवरदेव आणि त्याचे मित्र सासरच्या मंडळींपुढे सपशेल दंडवत घालतात, आणि मग चर्चमध्ये किंवा निकाह. चेहऱ्यावर कुळाच्या खुणा कोरण्याची चाल जवळपास गेली. 2003 च्या बालहक्क कायद्याने तर तिला बंदीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी हळहळत नाही. ओशोगबोची ओशुन देवीची राई 2005 पासून जागतिक वारसा आहे, इफाची परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे, आणि काही राज्यांत 20 ऑगस्टला ‘इशेशे’, म्हणजे पूर्वापार धर्माच्या दिवसाची सुट्टी मिळते. दुसरीकडे कित्येक नव्या चर्चेसमध्ये ओरिशांचं नुसतं नाव काढलं तरी लोक दचकतात. आणि एशू म्हणजे सैतान नव्हे, हे सांगणारे लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरतात. ते फलक क्राउथर यांनी बसवलेल्या लिपीतच लिहिलेले असतात.

आपल्या कामाची एक गोष्ट राहिली. 1970 मध्ये इले-इफेच्या विद्यापीठातले प्राध्यापक बाब्स फाफुन्वा यांनी एक प्रयोग सुरू केला. एका प्राथमिक शाळेत सहाही वर्षं सगळे विषय योरुबातून, आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय, पण नीट तयारीच्या शिक्षकाकडून. गणित-विज्ञानाची पुस्तकं नव्याने लिहावी लागली, पारिभाषिक शब्द शोधावे लागले. क्राउथर यांना पडलेलाच प्रश्न पुन्हा, शब्द कुठून आणायचे? ही मुलं इतर विषयांत पुढे निघालीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. 2022 मध्ये नायजेरियाच्या सरकारने प्राथमिकची सहा वर्षं मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण मंजूरही केलं. पण लागोसमध्ये अशा शाळा आहेत जिथे वर्गात योरुबा बोललं तर शिक्षा होते, आणि पालक फी भरून मुलांना तिथेच घालतात. घरी आजी योरुबात हाक मारते आणि नातू इंग्रजीत उत्तर देतो. त्या नातवाचं नाव मात्र अजूनही बाबातुंदे असतं, तायवो असतं, आणि पालथा जन्मला असेल तर अजायी.